पक्व आणि अपक्व

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरची जंबू सवारी राजवाड्यातून निघते आणि के. आर. चौकातून वळून सय्याजीराव रस्त्याने बन्नीमंटपाकडे जाते. कानडी मुलखातील या राजरस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव असावे, याचे मराठी प्रवाशाला थोडे कौतुक वाटते. मिरवणूक पाहणाऱ्यांचे डोळे अर्थातच हत्तीवरील सुवर्ण अंबारीकडे लागलेले असतात. श्रोतेहो, आज मी आपले लक्ष हत्तीकडून काढून त्या रस्त्याच्या कडेच्या एका इमारतीकडे वळवू इच्छितो. ती शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाची. हे विद्यालय १९०८ सालचे. तेथून हाकेच्या अंतरावर आयर्विन रस्त्यावर कृष्णराजेंद्र रुग्णालय आहे आणि त्याला जोडून म्हैसूर वैद्यकीय महाविद्यालय आहे. हे महाविद्यालय १९२४ साली बंगळुरूस सुरू झाले आणि १९३० साली म्हैसुरास आले. एकाच गावात, एकाच राजघराण्याच्या आश्रयाने, वैद्यकाच्या दोन परंपरा अशा शेजारी शेजारी नांदू लागल्या.

शेजार जुना असला तरी दोन्ही घरांत फारसे बोलणे नसते, हे आपण जाणतोच. तथापि वैद्यकात एक प्रश्न असा आहे की, ज्याच्यापाशी या दोन्ही परंपरा वेगवेगळ्या वाटांनी येऊन ठेपल्या. पोटात साठलेले दूषित पाणी बाहेर केव्हा काढावयाचे आणि कोणत्या वाटेने काढावयाचे, हा तो प्रश्न. स्वादुपिंडाच्या विकारात त्याचे स्वरूप सर्वांत बिकट होते. त्याचे उत्तर हाती येण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला आणि त्यापायी पुष्कळ माणसे दगावली.

स्वादुपिंड हा अवयव लाजाळू म्हणावा असा आहे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवा पसरलेला, सुमारे वीतभर लांबीचा हा मऊ पिंड हाताला लागत नाही, डोळ्यांना दिसत नाही. ग्रीकांनी त्याला जे नाव दिले त्याचा अर्थ 'सगळे मांसच' एवढाच होतो. याचा काही उपयोग असेल असे त्यांना वाटले नसावे. १६४२ साली इटलीतील पादुआ येथे विर्सुंग नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने फाशी गेलेल्या एका माणसाच्या प्रेताची चिरफाड करताना या पिंडाच्या अंगभर धावणारी एक नळी पाहिली. ती रक्ताची की आणखी कशाची, हे त्याला उमगेना. त्याने तांब्याच्या पत्र्यावर तिचे चित्र कोरून घेतले आणि त्याचे ठसे युरोपातील विद्वानांस पाठवून पृच्छा केली. पुढच्याच वर्षी कोणीतरी विर्सुंगला त्याच्या घराच्या दाराशी गोळी घालून ठार केले. नळीला मात्र आजही त्याचेच नाव आहे.

त्या नळीतून दररोज सुमारे एक ते दीड लिटर पाचक रस लहान आतड्यात उतरतो. मांस, पिष्ट आणि स्निग्ध पदार्थ या तिन्हींना पचविण्याचे सामर्थ्य त्यात असते. निसर्गाने येथे मोठी सावधगिरी घेतली आहे. रसातील मांसपाचक द्रव्ये पिंडात असेतोवर निद्रिस्त असतात, आतड्यात पोचल्यावर जागी होतात. पित्ताशयातला एखादा खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला, किंवा मद्याच्या अतिरेकाने पिंडाला इजा झाली, की ती द्रव्ये जागच्या जागी जागी होतात, आणि जो रस अन्न पचवावयाचा तो स्वतःच्या घरालाच पचवू लागतो. यालाच स्वादुपिंडाचा तीव्र दाह म्हणतात. रोगी पोट धरून पुढे वाकतो. वेदना पाठीत जाते. ओकाऱ्या थांबत नाहीत. पुष्कळांचा दाह आठवड्याभरात शमतो. काहींच्या बाबतीत मात्र पिंडाभोवती रस, रक्त आणि मेलेल्या मांसाचे तुकडे यांचे तळे साठू लागते. प्रस्तुत भाषणाचा विषय हे तळे आहे.

प्रारंभी या तळ्याला काठ नसतो. पुरात नदीचे पाणी शेतात पसरावे तसे ते जिकडे वाट मिळेल तिकडे पसरते. अशी पुष्कळशी पाणी आपोआप जिरून जातात. जी जिरत नाहीत त्यांच्याभोवती शरीर हळूहळू धाग्यासारख्या ऊतीची भिंत बांधू लागते आणि साधारणपणे चार आठवड्यांत ती भिंत पक्की होते. आत निव्वळ पाणी असेल तर डॉक्टर त्या पिशवीला 'खोटी' पिशवी म्हणतात, कारण खऱ्या गाठीला असते तसे आतले अस्तर तिला नसते. आत मेलेले मांसही असेल तर प्रकरण अधिक अवघड होते. या दोन अवस्थांत, म्हणजे काठ नसलेल्या पाण्यात आणि भिंत बांधलेल्या पिशवीत, जमीनअस्मानाचा फरक आहे. पण हा फरक १९९२ साली अमेरिकेतील अटलांटा येथे भरलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेत प्रथम नीट शब्दबद्ध झाला, आणि २०१२ साली त्या व्याख्या पुन्हा तपासून काटेकोर करण्यात आल्या. तोवर एकाच नावाखाली भिन्न भिन्न वस्तू मोडत होत्या आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू केला जात होता.

येथे मला सय्याजीराव रस्त्यावरच्या त्या जुन्या विद्यालयात जे शिकविले जाते त्याचे स्मरण होते. सुश्रुताच्या सूत्रस्थानातील सतरावा अध्याय सुजेची कच्ची आणि पिकलेली अवस्था कशी ओळखावी यासाठीच खर्ची घातलेला आहे. पिकलेल्या सुजेत वेदना कमी होते, कातडीला सुरकुत्या पडतात, एका बाजूने दाबले असता आतला पू पिशवीतल्या पाण्यासारखा दुसरीकडे सरकतो, अशी लक्षणे तो देतो. कच्चे गळू जो अज्ञानाने कापतो आणि पिकलेल्याची जो उपेक्षा करतो, त्या दोघांनाही सुश्रुताने एकाच कठोर शब्दाने झिडकारले आहे. त्याहून मार्मिक गोष्ट अशी की, विकार खोल असला म्हणजे पिकल्याची लक्षणे पूर्णपणे दिसत नाहीत आणि वैद्य फसतो, असा इशाराही त्याने दिला आहे. उदरातील पाणी काढण्याचा विधी चिकित्सास्थानात येतो. बेंबीखाली डाव्या बाजूस चार बोटांवर, अंगठ्याच्या जाडीइतके खोल छिद्र करावे, त्यात धातूची किंवा पिसाची नळी बसवावी. मात्र सगळे पाणी एकाच दिवशी काढू नये, नाहीतर तहान, ताप, धाप असे उपद्रव होतात. काही दिवसांच्या अंतराने थोडे थोडे काढावे.

यावरून सुश्रुताला स्वादुपिंडाचे रोग ठाऊक होते असे कोणी म्हणू लागेल तर मी त्याच्या बाजूने उभा राहणार नाही. आपल्याकडे अशी घाई फार होते. सुश्रुताचे पाणी जलोदराचे होते, आणि जठरामागची खोटी पिशवी त्याच्या हाताला कधी लागली असे म्हणण्यास आधार नाही. परंतु पक्व आणि अपक्व यांचा विवेक, आणि बोळवण हळूहळू करण्याची शिस्त, या दोन गोष्टी त्याच्यापाशी होत्या. आपल्या घरातील वडीलधाऱ्या बायकाही कच्चे गळू फोडू देत नसत. युरोपातील शस्त्रवैद्यांना नेमके हेच शिकण्यास मोठी किंमत मोजावी लागली.

तिकडच्या कथेचा आरंभ एका चुकीने होतो. १८८२ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये बोझमन नावाच्या शस्त्रवैद्याने एका स्त्रीच्या पोटातील प्रचंड गाठ बीजकोशाची समजून काढावयास घेतली. पोट उघडल्यावर ती स्वादुपिंडाची निघाली. त्याच सुमारास प्राग येथे गुसेनबाउअर याने दुसरी युक्ती केली. त्याने पिशवी काढण्याच्या भरीस न पडता तिचे तोंड पोटाच्या कातडीला शिवून टाकले व पाणी बाहेर वाहू दिले. रोगी वाचत, पण त्या छिद्रातून पाचक रस महिनेच्या महिने झिरपत राही आणि भोवतालची कातडी सोलून काढी. बाहेरचे दार उघडले होते खरे, पण ते बंद होईना.

१८८९ साली बोस्टनच्या रेजिनल्ड फिट्झ याने स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाचे पहिले व्यवस्थित वर्णन केले, आणि प्रारंभीच्या दिवसांत शस्त्रक्रिया धोक्याची आहे असे बजावले. तरी पुढची कित्येक वर्षे अनेक नामांकित शस्त्रवैद्य लवकर पोट उघडण्याच्या बाजूचे होते. त्यांनाही सर्वस्वी दोष देता येत नाही. समोर माणूस तळमळत असता हात बांधून बसणे हे शस्त्रवैद्याला सर्वांत कठीण जाते. शिवाय पोट उघडल्याखेरीज रोगाची खात्री करून घेण्याचा मार्गच नव्हता. १९२९ साली सेंट लुईच्या रॉबर्ट एल्मन याने रक्तातील अमिलेज या पाचक द्रव्याचे मोजमाप करून दाह ओळखण्याची रीत रूढ केली, आणि कितीतरी रोगी शस्त्राविना बरे होतात हे तेव्हा कोठे दिसून आले.

म्हैसूरचे वैद्यकीय महाविद्यालय बंगळुरूहून येथे आले ते याच काळात. १९३० साली जठरामागे पाणी साठलेला एखादा रोगी कृष्णराजेंद्र रुग्णालयात आला असता, तर डॉक्टरांपाशी काय होते? पोटावर फिरणारा अनुभवी हात, आणि बेरियम पाजून घेतलेले क्ष-किरणांचे छायाचित्र, ज्यात जठर पुढे ढकललेले दिसले असते. सोनोग्राफी नव्हती, सीटी स्कॅनला चाळीस वर्षे अवकाश होता, पेनिसिलिन औषध म्हणून हाती आलेले नव्हते. वर कातडी, मध्ये जठर, त्यामागे तळे. सुश्रुताने म्हटलेला खोल विकार तो हाच, ज्यात लक्षणे दिसत नाहीत आणि वैद्य फसतो.

पण नवे दार सापडण्याची वेळ जवळ आली होती. प्रागच्या येड्लिच्का याने १९२१ च्या सुमारास पिशवी बाहेर कातडीला जोडण्याऐवजी आत जठराला जोडून पाहिली. १९३१ साली पोलंडातील पोझनान येथील आंतोनी युराश याने त्याहून सोपी वाट सांगितली. पिशवी पिकली म्हणजे तिची पुढची भिंत जठराच्या मागच्या भिंतीला घट्ट चिकटते. तेव्हा जठर पुढून उघडावे, आतून त्याच्या मागच्या भिंतीला छेद द्यावा आणि पिशवीतील पाणी जठरातच सोडावे. यात बुद्धीची चमक आहे. ज्या रसाने पोटाची कातडी सोलली जात होती, तो रस पचवून टाकण्यास जठर आणि आतडी समर्थ आहेतच. बाहेर दार पाडून पाण्याला अंगणात वाहू देण्यापेक्षा शेजारच्या न्हाणीघराच्या मोरीला जोडून द्यावे, असाच हा प्रकार. आणि ही वाट कच्च्या पिशवीला लागूच पडत नाही. भिंती चिकटल्या नसतील तर पाणी जठरात न जाता पोटभर पसरेल. म्हणजे दार सापडले ते पिकण्याची अट घालूनच.

युराशची वाट पुढे पन्नास वर्षे प्रमाण मानली गेली. मात्र त्यासाठी आधी पोट कापावे लागे. जठराच्या आतून छेद द्यावयाचा, तर जठरात तोंडावाटेही जाता येईल, हा विचार सुचण्यास अडचण नव्हती. जाण्याचे साधन नव्हते. जर्मनीत फ्रायबुर्ग येथे कुस्माउल याने १८६८ साली तलवार गिळणाऱ्या एका गारुड्याला सरळ ताठ नळी गिळावयास लावून जठरात डोकावण्याचा प्रयत्न केला होता. नळी गेली, पण आत उजेड पुरेना. १९३२ साली रुडॉल्फ शिंडलर याने काही अंशी वाकणारी नळी केली. खरा पालट घडविणाऱ्या शोधात एक भारतीय होता, आणि त्याचे नाव आपल्या शाळांतून अजून जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासह काम करीत होते. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र वाकड्या वाटेनेही नेता येते, हे त्यांनी १९५४ च्या जानेवारीत 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. तो निबंध वाचून बेसिल हर्शोविट्झ हा तरुण डॉक्टर अमेरिकेतून लंडनला गेला. परत येऊन मिशिगनमध्ये त्याने सहकाऱ्यांच्या मदतीने काचतंतूंची दुर्बीण घडवली आणि १९५७ च्या फेब्रुवारीत ती प्रथम स्वतः गिळून पाहिली. आपल्याकडे लोक 'पोटात दुर्बीण घातली' असे म्हणतात, त्या दुर्बिणीचा हा जन्म.

या दुर्बिणीतून १९७५ साली अमेरिकेत रॉजर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी जठराच्या मागच्या भिंतीतून सुई घालून पिशवीतील पाणी ओढून काढले. पिशवी पुन्हा भरली. दार नुसते किलकिले करून चालत नाही, ते काही काळ उघडे राहावे लागते, हा धडा मिळाला. १९८५ साली कोझारेक याने विजेच्या तापलेल्या सुरीने छेद देऊन, आणि १९८९ साली ब्रुसेल्सच्या क्रेमेर याने रोग्यांच्या मोठ्या मालिकेत ही रीत सिद्ध करून दाखविली. भय होते ते आंधळेपणाचे. पिशवीमुळे जठराची भिंत जेथे फुगलेली दिसेल तेथेच छेद द्यावयाचा; पण त्या फुगवट्यामागे मोठी रक्तवाहिनी असली तर? आणि फुगवटा दिसलाच नाही तर?

त्याचे उत्तर १९८० पासून विकसित होत गेलेल्या एका जोडणीने दिले. सोनोग्राफीचे यंत्र अंगठ्याएवढे लहान करून दुर्बिणीच्या टोकावर बसविण्यात आले. आता जठराच्या आत उभे राहून भिंतीपलीकडचे दिसू लागले: पिशवी किती दूर आहे, भिंत किती जाड आहे, रक्तवाहिन्या कोठून जातात, आत पाणी आहे की गाळ. १९९२ साली हॅम्बुर्ग येथे ग्रिम, बिनमोलर आणि झोहेंद्रा यांनी या दर्शनाच्या आधाराने पिशवीत सुई नेऊन दार उघडे ठेवणारी नळी बसविल्याचे प्रसिद्ध केले. नळीची दोन्ही टोके डुकराच्या शेपटीसारखी वळलेली असतात, म्हणून ती निसटत नाही. खोल विकारात वैद्य फसतो तो आता कमी फसू लागला.

मेलेल्या मांसाचा प्रश्न मात्र शिल्लक होता. पाणी नळीतून वाहते, चिखल वाहत नाही. अलाबामातील बॅरन याने १९९६ साली अशा गाळाच्या पिशव्याही दुर्बिणीने धुऊन काढता येतात असे दाखविले. २००० साली जर्मनीतील झाइफर्ट व त्याचे सहकारी तर दुर्बीण घेऊन जठराच्या भिंतीतून थेट त्या पोकळीत शिरले आणि मेलेले तुकडे चिमट्याने ओढून काढू लागले. पुढच्या दशकात धाग्याच्या रिळासारखी, मध्ये रुंद व दोन्ही कडांना पसरट अशी धातूची जाळीदार नळी आली. तिच्यातून दुर्बीणच आत-बाहेर करू शकते. मात्र ती तीन-चार आठवड्यांत काढावी लागते. पिशवी आक्रसल्यावर तीच कड पाठीमागच्या रक्तवाहिनीला घासून रक्तस्राव घडवू शकते.

साधनांची ही कहाणी मनोरम आहे, पण माझ्या मते या इतिहासातील खरे वळण साधनांचे नाही, संयमाचे आहे. १९९७ साली मेक्सिकोतील शस्त्रवैद्यांनी लवकर आणि उशिरा शस्त्रक्रिया यांची तुलना प्रसिद्ध केली. पहिल्या तीन दिवसांत ज्यांचे पोट उघडले त्यांतील अर्ध्याहून अधिक दगावले; निदान बारा दिवस थांबलेल्यांत सुमारे चतुर्थांश. अंतर इतके विदारक होते की प्रयोग मध्येच थांबविण्यात आला. त्यानंतर हॉलंडच्या डॉक्टरांनी हा विषय जणू आपलाच करून घेतला. २०१० साली त्यांनी ८८ रोग्यांवरील तुलना प्रसिद्ध केली. सरळ पोट उघडून सफाई केलेल्यांपैकी ६९ टक्क्यांना मृत्यू किंवा गंभीर उपद्रव भोगावा लागला. आधी नुसती नळी घालून पाणी काढले आणि गरज पडली तरच पुढची पायरी चढली, अशांत तो आकडा ४० टक्क्यांवर आला. या दुसऱ्या गटातील ३५ टक्क्यांना नळीखेरीज काहीच लागले नाही. २०१८ साली त्यांनी ९८ रोग्यांत दुर्बिणीची वाट आणि लहान छेदाच्या शस्त्रक्रियेची वाट समोरासमोर ठेवल्या. मृत्यू व मोठे उपद्रव दोहोंत जवळजवळ सारखे निघाले. परंतु रस बाहेर झिरपत राहण्याचे दुखणे शस्त्रक्रियेनंतर ३२ टक्के, तर दुर्बिणीनंतर अवघे ५ टक्के. गुसेनबाउअरच्या रोग्यांची कातडी सोलणारा तो जुना शाप जठराच्या दाराने असा जवळजवळ उतरला.

मग नळी तरी लवकर घालावी काय? पिशवीत जंतू शिरले असे कळताच, भिंत पिकण्याची वाट न पाहता? २०२१ साली याचेही उत्तर आले. १०४ रोग्यांपैकी अर्ध्यांना तत्काळ नळी घातली, उरलेल्यांना जंतुनाशक औषधे देऊन पिशवी पिकेपर्यंत थांबविले. तत्काळ घातल्याने काही लाभ दिसला नाही. उलट थांबविलेल्यांपैकी ३९ टक्के निव्वळ औषधांनीच बरे झाले. त्यांना नळी कधी लागलीच नाही. सतराव्या अध्यायाचा कर्ता हे आकडे पाहून काय म्हणाला असता, हा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहत नाही. त्याला आकडेशास्त्र कळले नसते, पण निष्कर्ष ऐकून आश्चर्यही वाटले नसते.

भारतात ही विद्या रुजविण्याचे श्रेय पुष्कळांकडे जाते. हैदराबादेत डॉ. नागेश्वर रेड्डी यांनी पचनसंस्थेच्या दुर्बीणचिकित्सेचे जगभर ज्ञात असे केंद्र उभारले. २०२५ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. मुंबईत डॉ. अमित मायदेव यांनी याच क्षेत्रात आयुष्य वेचले आणि २०१३ साली ते पद्मश्रीचे मानकरी झाले. काचतंतूंच्या कपानींना पद्मविभूषण मिळाले ते २०२१ साली, मृत्यूनंतर. आज ही चिकित्सा महानगरांपुरती राहिलेली नाही, म्हैसूरसारख्या शहरांतही ती होते. तथापि दुर्बीण असणे वेगळे आणि त्यामागे रक्तस्राव झाला तर धमनी बंद करणारा क्ष-किरणतज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि वेळप्रसंगी पोट उघडणारा शस्त्रवैद्य असणे वेगळे. हा चौघांचा फड जेथे नाही तेथून रोग्याला वेळीच पुढे पाठविणे यात कमीपणा नाही.

रोग्याच्या नातेवाइकांना मात्र ते चार आठवडे फार जड जातात. पोट फुगलेले, अन्न नळीवाटे आतड्यात सोडलेले, ताप चढतो-उतरतो, आणि डॉक्टर रोज येऊन 'अजून थांबू या' म्हणतात. खाटेशी बसलेल्या भावाला वाटते की, यांना काही सुचत नाही म्हणून थांबले आहेत. पैसे संपत येतात, दुसऱ्या रुग्णालयात न्यावे अशी कुजबुज सुरू होते. त्याला कोणीतरी सीटी स्कॅनच्या चित्रावर बोट ठेवून दाखवावयास हवे: गेल्या पंधरवड्यात ही कड पुसट होती, आता येथे पांढरी रेघ उमटू लागली आहे, ती पुरती बांधली गेली की आपण आत जाऊ. दार उघडल्यावर पिशवी काही आठवड्यांत आक्रसते आणि नळी काढून घेतात. ज्याच्या दुखण्याचे मूळ पित्ताशयातले खडे होते, त्याचे पित्ताशयही योग्य वेळी काढून टाकावे लागते, नाहीतर दुसरा खडा त्याच नळीच्या तोंडाशी येऊन बसतो. ज्याचे मूळ बाटलीत होते, त्याच्याशी डॉक्टरांना आणखी एकदा, शांतपणे, बोलावे लागते.